स्वस्त अवजार : विकत घ्यावे की उसने मागावे?

रमजानच्या आधी आपल्या घरांत दुरुस्तीची कामे निघतात. भिंतीला रंग द्यायचा असतो, पडद्याची दांडी लावायची असते, गळका नळ बदलायचा असतो, स्वयंपाकघरात एक फळी वाढवायची असते. कामे छोटी असतात, पण प्रत्येकासाठी मिस्त्रीला बोलवायचे तर तो 'येतो' म्हणून चार दिवस येत नाही. आला तर दोन भोके पाडण्याचे तीनचारशे रुपये घेतो. त्यात त्याची चूक नाही, येण्याजाण्यात त्याचा अर्धा दिवस मोडतो. अशा वेळी मोबाइलवर सेल दिसतो. ४६ नगांचा सॉकेट पान्यांचा संच पाच-सहाशे रुपयांत, ड्रिल मशीन आणि सोबत भरगच्च पेटी दोन हजारांच्या आत. वर्षातून दोन-तीनदा लागणाऱ्या कामासाठी हे घ्यावे का, असा प्रश्न मला बरेच जण विचारतात.

या प्रश्नावर आपल्याकडे एक तयार उत्तर आहे: महंगा रोए एक बार, सस्ता रोए बार बार. ही म्हण खोटी नाही. पण ती कुणाच्या तोंडची आहे, हे पाहिले पाहिजे. ती रोज अवजार हातात धरणाऱ्याची आहे. फिटरचा पाना दिवसातून पन्नास वेळा नटावर बसतो, सुताराची पटाशी रोज लाकूड खाते. त्याच्याकडचा हलका माल महिन्याभरात उघडा पडतो. तो पुन्हा पैसे घालतो, शिवाय त्या दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच. ज्याला वर्षातून तीन वेळा ड्रिल लागते, त्याच्या हातात तीच हलकी मशीन कित्येक वर्षे टिकू शकते. त्याला 'बार बार' रडायची वेळच येत नाही. म्हणून या म्हणीच्या धाकाने सात हजारांची मशीन आणून ती कपाटावर धूळ खात ठेवणे हेही शहाणपण नव्हे. तो पैसा मुलांच्या शाळेच्या फीला लागला असता.

तेव्हा स्वस्त अवजाराला माझा सरसकट विरोध नाही. फक्त घेण्याआधी एक प्रश्न विचारावा, असे मला वाटते: हे अवजार ऐन कामात मोडले, तर त्याच्यासोबत आणखी काय मोडेल?

काही वेळा फक्त अवजारच मोडते. हातोडीचा दांडा निघाला, रंगाच्या ब्रशचे केस गळाले, मोजपट्टीची स्प्रिंग गेली, तर नुकसान तेवढ्यापुरते. अशा वस्तू बिनधास्त स्वस्त घ्याव्यात. लेव्हलची बाटली, पुट्टीची पत्ती, शिकंजा, करवतीची चौकट यांनाही हेच लागू. विटांच्या भिंतीत सहा मिलीमीटरची चार भोके पाडायची असतील, तर साधी ड्रिल मशीनही ते काम करते. मात्र वायर, प्लग आणि बॉडी धड असली पाहिजे.

काही वेळा अवजार टिकते, पण काम मोडते. हलक्या स्क्रू ड्रायव्हरचे टोक मऊ पोलादाचे असते. ते फिरताना घसरते आणि स्क्रूच्या डोक्याची खाच गोल करून ठेवते. मग तो स्क्रू कुणालाच निघत नाही. सैल जबड्याचा स्क्रू पाना पितळी नळाच्या नटाचे कोपरे खातो, आणि शंभर रुपयांच्या वायसरचे काम हजाराच्या नळावर जाते. ४६ नगांचा जो संच सेलमध्ये दिसतो, त्याचे हँडल पाव इंची चौकोनाचे असते. सायकल, मिक्सर, स्कूटरचे छोटे नट यांना तो ठीक आहे. कारच्या चाकाचा नट साधारण शंभर न्यूटन-मीटर जोराने आवळलेला असतो, तिथे त्या हँडलने झटापट करू नये. पेटीवर नगांचा आकडा मोठा असतो, त्यातले सहा-सात नगच आपल्या कामाला येतात. त्यापेक्षा आपल्याला खरोखर लागणारे पाच नग सुटे घ्यावेत: एक चांगली पक्कड, दोन स्क्रू ड्रायव्हर, एक स्क्रू पाना, एक टेस्टर. नाशिकच्या सातपूरला आणि पंजाबात जालंधरला हातअवजारे बनवणारे जुने कारखाने आहेत. त्यांचा माल कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातही मिळतो, आणि सुट्या नगाची किंमत सामान्य माणसाच्या आवाक्यातली असते.

इथेच एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. मशीन हलकी असली तरी चालते, पण तिच्या तोंडाला जे लावायचे ते हलके चालत नाही. भिंतीत भोक पाडणाऱ्या बिटच्या टोकाला टंगस्टन कार्बाइडचा तुकडा बसवलेला असतो, भिंत तोच फोडतो. पेटीसोबत फुकट आलेल्या बिटचा हा तुकडा पहिल्या दोन भोकांतच निघून येतो. मग माणूस मशीनवर अंगाचा भार टाकतो, मशीन तापते, आणि शिव्या मशीन खाते. साध्या मशीनला ऐंशी-शंभर रुपयांचा चांगला बिट लावा, काम होते. आणि भिंत विटांची नसून सिमेंट-काँक्रीटचा बीम असेल, तर चांगला बिट लावूनही साध्या ड्रिलचे ते काम नव्हे. त्याला रोटरी हॅमर लागतो. तो विकत घेण्याच्या भानगडीत न पडता दिवसभरासाठी भाड्याने आणावा.

आता तिसरी गोष्ट, जिच्यासाठी मी हे लिहायला बसलो. काही अवजारे मोडली तर माणूस मोडतो.

चार इंची ग्राइंडर आता घराघरात दिसू लागला आहे. त्याची चकती मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेते. गणित केले तर चकतीची कड ताशी २०० किलोमीटरहून जास्त वेगाने फिरत असते. ती राळेत बांधलेल्या दाणेदार पावडरची असते, ओल लागून किंवा जुनी होऊन ती कमजोर पडते. म्हणून चांगल्या चकतीवर किती वेगापर्यंत चालवायची ते छापलेले असते आणि मधल्या धातूच्या कड्यावर वापराची मुदतही असते. बिननावाच्या चकतीवर यातले काहीच नसते, किंवा असते ते वाचता येत नाही. त्यात आपल्याकडची सवय अशी की मोठी चकती बसावी म्हणून लोखंडी गार्ड काढून टाकायचे आणि चष्मा न घालता डोळे बारीक करून काम करायचे. काही जण त्याच मशीनला लाकूड कापायचे दातेरी पाते लावतात. आमच्या मोहल्ल्यातल्या एका तरुणाचा डावा डोळा असाच गेला. दुसऱ्याच्या घरची जाळी कापून देत होता, पैसेही घेणार नव्हता. चकती किती रुपयांची होती, हे त्याला आजही आठवते. गॉगल साठ-सत्तर रुपयांना मिळाला असता.

या वर्गात ग्राइंडर एकटा नाही. वीज तपासायचा निऑनचा टेस्टर घ्या. त्यात वीज थेट आपल्या बोटातून जाते, मध्ये एक छोटा रेझिस्टर ती अगदी क्षुल्लक करून सोडतो, म्हणून आपण वाचतो. दहा-वीस रुपये वाचवण्याची ही जागा नाही. पत्र्यासारख्या पातळ ॲल्युमिनियमची, रिव्हेट हलणारी शिडी घेऊ नये. गाडी उचलायचा जॅक कितीही महागाचा असो, फक्त त्याच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये, मग स्वस्तातल्या जॅकची गोष्टच सोडा. विजेवर चालणाऱ्या अवजाराच्या पट्टीवर चौकोनात चौकोन अशी खूण पाहावी, ती दुहेरी इन्सुलेशनची खूण असते. ती नसेल तर तीन पिनांचा प्लग आणि घरात चालू अर्थिंग हवेच. शक्य असेल तर ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी बसवून घ्यावा. या वर्गातली चांगली वस्तू परवडत नसेल, तर हलकी वस्तू हा तिला पर्याय नाही. भाड्याने आणा, उसनी आणा, नाहीतर ते काम कारागिरालाच द्या.

चांगली वस्तू स्वस्तात मिळवायचा आणखी एक रस्ता आहे, तो आपल्या लोकांना तर चांगलाच माहीत असायला हवा. पुण्यात मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो. मुंबईत चोर बाजार आहे, नव्या मालासाठी नागदेवी स्ट्रीट आहे. जुन्या बाजारात घडीव पोलादाचे जुने पाने, कानशी, शिकंजे ढिगात पडलेले असतात, आणि ते विकणाऱ्यांत आपलीच माणसे पुष्कळ असतात. तीस वर्षे कारखान्यात राबलेला पाना वरून गंजलेला दिसतो, पण रॉकेलमध्ये रात्रभर ठेवून तारेच्या ब्रशने घासला की पुढची तीस वर्षे चालतो. नव्या चकचकीत हलक्या पान्याच्या किमतीत तो येतो. हातअवजार जुने घ्यावे, मात्र विजेचे जुने घेताना ओळखीचा मिस्त्री सोबत असावा.

एक फरक मात्र विसरू नये. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने नोंदवले होते की मुस्लिम कामगारांत स्वयंरोजगारावर जगणाऱ्यांचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे. आपल्या वस्तीत हे डोळ्यांनी दिसते: वेल्डिंग, फॅब्रिकेशन, एसी दुरुस्ती, गॅरेज. ज्या पोराने घरच्या कामासाठी सेलमधली मशीन घेतली, तोच पुढे शेजाऱ्याचे काम करतो, मग चार पैसे मिळतात, मग तोच त्याचा धंदा होतो. मशीन मात्र तीच राहते. ज्या दिवशी अवजार रोजीरोटीचे झाले, त्या दिवसापासून वरची म्हण शब्दशः खरी होते. तेव्हा पहिल्या कमाईतून पहिले चांगले अवजार घ्यावे. सुतार, लोहार, गवंडी, कुलूपवाले, शिंपी अशा १८ व्यवसायांसाठी १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे ई-व्हाउचर आहे. प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन त्या यादीत नाहीत, पण जे बसतात त्यांनी चौकशी करावी.

राहिला प्रश्न महागड्या पण क्वचित लागणाऱ्या वस्तूंचा: रोटरी हॅमर, ग्राइंडर, उंच शिडी, पाणी उपसायचा पंप. एका गल्लीत वीस घरांनी वीस हलक्या मशीन घेण्यापेक्षा वीस घरांत मिळून एक चांगली मशीन असावी, हे माझे मत आहे. कुरआनची १०७ वी सूरह आहे अल-माऊन, अवघ्या सात आयतींची. शेजाऱ्याला रोजच्या वापराच्या साध्या वस्तूही न देणाऱ्यांवर तिच्या शेवटी ठपका ठेवलेला आहे. 'माऊन' म्हणजे जकात, असा अर्थ काही भाष्यकारांनी घेतला. पण पुष्कळांनी डोल, भांडे, कुऱ्हाड अशी नावे घेऊन तो सांगितला आहे. त्या काळची कुऱ्हाड ती आजची ड्रिल मशीन, असे म्हटले तर चुकणार नाही. अमेरिकेत बर्कली शहराच्या सार्वजनिक वाचनालयातून १९७९ पासून पुस्तकांसारखी अवजारे उसनी मिळतात. आपल्याला तिकडे बघायचीही गरज नाही. कितीतरी जमातींकडे लग्नकार्यासाठी देगा, पराती, सतरंज्या असतात, मय्यतीचे सामान असते. त्याच खोलीत एक कपाट अवजारांचे का असू नये?

लोक म्हणतात, उसनी वस्तू परत येत नाही, आली तर मोडून येते. खरे आहे. पण देगा परत येतात, कारण तिथे वही असते आणि वहीवर सही असते. अवजारांनाही तेच करावे. पाचशे रुपये अनामत, परत करायची तारीख, बिट आणि चकती ज्याची त्याने आणायची, ग्राइंडर चष्म्याशिवाय आणि गार्डशिवाय द्यायचा नाही. कार्बन ब्रश बदलायला वर्षाकाठी थोडी वर्गणी. सांभाळायला मोहल्ल्यातला एखादा निवृत्त फिटर मिळतोच, आणि त्याला ते आवडते. वस्ती मिश्र असेल तर कपाट सगळ्यांसाठी उघडे असावे. भिंत काही घरमालकाचे नाव विचारत नाही.

अवजार घेऊन जायला आलेल्या पोराला तो जुना फिटर दोन मिनिटे उभे करून ते कसे धरायचे हेही दाखवील. सेलमधल्या पेटीत ही गोष्ट मिळत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त कमी तिचीच आहे.