आधी माप, मग दुरुस्ती

आमच्या मंठाळच्या काळ्या रानात मामांच्या जुन्या जीपचे चाक चरात आदळले. त्यानंतर पुढचे दोन्ही टायर आतल्या कडेने झिजू लागले. मिस्त्रीने टायरॉडची लांबी फिरवून चाके सरळ केली. महिन्याभरात पुन्हा तेच! दोन टायर वाया गेले.

शेवटी बसवकल्याणच्या एका वृद्ध मिस्त्रीने "मोदल नोड्री, आमेले माड्री" (आधी पाहा, मग करा) म्हणत दोन्ही टायरांमधले अंतर पुढून व मागून मोजले. पुढून जास्त भरले. मग टायरॉडलगत सुतळी ताणली, तेव्हा बाक दिसला. अ‍ॅक्सलमागचा हा दांडा वाकला की आखूड होतो. चाके मागून आत ओढली जातात, पुढून फाकतात.

आम्हा वाणिज्यवाल्यांना हे नवे नाही. तेरीज जुळेना की फरक सस्पेन्स खात्यात टाकायचा. बेरजा जुळतात, चूक तशीच राहते. पण वहीतल्या चुकीने कोणाचा जीव जात नाही. वाकलेला दांडा ठोकून सरळ करू नये, बदलावाच. तो वाटेत तुटला तर एक चाक स्टिअरिंगला जुमानणार नाही, आणि आपल्याकडे जीपमध्ये दहा-दहा माणसे बसतात. त्यापुढे हातभर सुतळीची किंमत ती काय?