लाइव्ह पाहायचं ते जळगाव-धुळ्याचं

न्यू जर्सीतल्या आपल्या मराठी मंडळाच्या बऱ्याच घरांत टीव्हीची जागा आता लॅपटॉपने घेतली आहे. बातम्या, मालिका, आषाढीची शासकीय महापूजा, सगळं त्यावरच. कोणी रीतसर पॅकेज घेतं, कोणी यूट्यूबवर मराठी वृत्तवाहिन्यांचं मोफत लाइव्ह लावतं, तर कोणी थोडे डॉलर मोजून शेकडो वाहिन्या दाखवणारी चोरटी लिंक मिळवतं. या शेवटच्या वाटेला माझा स्पष्ट विरोध आहे, पण हा लेख तेवढ्यासाठी नाही. मुंबईहून येईल ते पाहण्यावर समाधान न मानता मंडळाने पैसे घालून खान्देशातून थेट प्रक्षेपण करवून घ्यावं, असं मला सुचवायचं आहे.

आधी तांत्रिक बाजू पाहू, कारण इथल्या छतावर डिश लावून दूरदर्शन दिसेल का, असं अजूनही विचारलं जातं. ते शक्य नाही. डीडी फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्व रेखांशाशी, सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर आहे. न्यू जर्सीहून पाहिलं तर तो पृथ्वीच्या जवळजवळ पलीकडच्या अंगाला येतो. लंडनहूनही तो क्षितिजाखालीच राहतो. डिश कितीही मोठी घेतली तरी जमिनीआडचा उपग्रह दिसायचा नाही. जळगावात मात्र गच्चीवरच्या छोट्या डिशची केबल यूएसबी ट्यूनरला जोडली की फ्री डिशच्या बऱ्याच वाहिन्या लॅपटॉपवर दिसतात, तेही इंटरनेटशिवाय. आपल्याला इंटरनेट हाच एक मार्ग. पण उपग्रहाकडून फक्त घेता येतं, इंटरनेटवरून पाठवताही येतं. गावातला कोणीही तिथून इथे दाखवू शकतो. या सोयीचा आपण जवळजवळ काहीच उपयोग करत नाही.

खान्देश या बाबतीत कायम घेणाऱ्याच्या रांगेत राहिला. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं, पण तेव्हा जळगाव-धुळ्याला त्याचा काही उपयोग नव्हता. १९८३ साली इन्सॅट-१बी अवकाशात गेला, मग देशभर लहान प्रक्षेपक उभे राहिले आणि टीव्ही जिल्ह्याच्या गावांत पोचला. नव्वदीत केबल आली, २००४च्या डिसेंबरात आजच्या फ्री डिशची सेवा सुरू झाली आणि महिन्याचं भाडं न भरता वाड्या-वस्त्यांवर डिश लागल्या. प्रत्येक टप्प्यावर पाहणारे वाढले. दाखवणारे मात्र बाहेरचेच राहिले.

म्हणून पडद्यावर आपला भाग येतो तो संकटापुरता किंवा निवडणुकीपुरता. मे-जूनच्या वादळात रावेर-यावलच्या केळीबागा आडव्या झाल्या की काही सेकंदांचं दृश्य. भुसावळचा पारा चढला की खाली एक पट्टी. आणि भाषा? २०११च्या जनगणनेत खान्देशी या भाषागटात, अहिराणी धरून, १८ लाखांहून अधिक लोक मोजले गेले. त्यांच्या अहिराणीला उपग्रह वाहिन्यांनी किती जागा दिली? रोजच्या मालिकांत ती जवळपास ऐकूच येत नाही. हीच अहिराणी यूट्यूबवर स्वतःच्या पायावर उभी राहिली. ‘हाई झुमकावाली पोर’ या गाण्यावर खान्देशाबाहेरही लोक नाचले, त्याला कुठल्या वाहिनीच्या परवानगीची वाट पाहावी लागली नाही.

थेट प्रक्षेपणाने काय साधतं, ते जळगावच्या श्रीराम रथोत्सवावरून सांगतो. १८७२पासून कार्तिकी एकादशीला जुन्या जळगावातल्या राम मंदिराचा रथ शहरातून निघतो. लोक दोर ओढतात, पण अरुंद रस्त्यातून एवढं धूड वळवायचं नि थांबवायचं ते मोगरीवाल्यांनी. चाकाच्या अगदी पुढ्यात वाकून ते लाकडाची मोगरी सरकवतात. जरा इकडेतिकडे झालं तर रथ घरावर जायचा किंवा हात चाकाखाली. दोन मिनिटांच्या बातमीत कळस, झेंडे, गर्दी दिसते; मोगरी दिसत नाही. ती पाहायची तर कॅमेरा तासभर चाकाजवळ हवा, आणि हे काम कोणत्या घराण्यांकडे आहे, हात कसा बसतो, हे तिथल्याच माणसाने बोलत राहायला हवं. नोव्हेंबरात इथली घड्याळं मागे गेल्यावर जळगावचे संध्याकाळचे सात म्हणजे न्यू जर्सीत सकाळचे साडेआठ. मुलांना शेजारी बसवून पाहण्याजोगी वेळ आहे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-वडिलांना त्यांची मालिकाच हवी असते. ती त्यांनी जरूर पाहावी, रीतसर पॅकेज घेऊन. चोरटी लिंक घेतली तर आपले पैसे ना कलाकाराला मिळतात ना लेखकाला, आणि ती कधी बंद पडेल याचा भरवसा नाही. दुसरा आक्षेप दर्जाचा: गावाकडचं लाइव्ह अडकतं, आवाज फाटतो. हे खरं आहे, पण त्याला कारणं आहेत आणि ती दूर करता येतात. मिरवणुकीत हजारो मोबाइल एकाच टॉवरवर येतात, म्हणून सिम कार्डावर चालणारं प्रक्षेपण बसतं. वाटेवरच्या एखाद्या घरातलं फायबर कनेक्शन त्या दिवसापुरतं घेतलं, बोलणाऱ्याला कॉलर माइक दिला, दोन कॅमेरे आणि एक मिक्सर ठेवला की चित्र पालटतं. हे करणारी माणसं तिथेच आहेत. टाळेबंदीपासून लग्नाचं लाइव्ह हा जळगाव-धुळ्यातल्या फोटोग्राफरांच्या नेहमीच्या कामाचा भाग झाला आहे.

तेव्हा माझा प्रस्ताव साधा आहे. वर्षातून तीन प्रसंग निवडावेत. पहिला रथोत्सव. दुसरा श्रावणातला धुळ्याचा कानबाईचा उत्सव: घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू घेऊन केलेले रोट, त्यासाठी जमलेले सगळे भाऊबंद आणि सोमवारी विसर्जनाला डोक्यावर देवीचा चौरंग घेऊन निघालेल्या आणि वाटेत फुगड्या खेळणाऱ्या बायका. तिसरा आखाजीचा (अक्षय्य तृतीयेचा): झोक्यावर बसून म्हटलेली गाणी, अहिराणीत आणि लेवा गणबोलीतही. देवस्थानांची आणि घरांची परवानगी लेखी घ्यावी, फोटोग्राफरला त्याचा पूर्ण मोबदला द्यावा, निवेदन तिथल्याच बोलीत असावं आणि चित्रण सर्वांना कायम खुलं राहावं. दिवाळीच्या कार्यक्रमाला आपण पाहुणा कलाकार बोलावतो, त्याच्या खर्चातला थोडा हिस्सा याला पुरेल.

येत्या सर्वसाधारण सभेत हा विषय घ्यावा, अशी मी कार्यकारिणीला विनंती करतो. खान्देशी कुटुंबांनी आपापल्या गावातला एक विश्वासू माणूस सुचवावा आणि विदर्भ, कोकण, मराठवाड्याच्या मंडळींनी आपले प्रसंग घेऊन पुढच्या वर्षी यात उतरावं. इतकी वर्षं आपल्या भागाचं काय दाखवायचं हे दुसरे ठरवत आले. यापुढे ते आपण आणि आपल्या गावाने मिळून ठरवू.