उसाची गाडी आणि रात्रीचा रस्ता

गळिताचा हंगाम सुरू झाला, म्हणजे कृष्णा, पंचगंगा व नीरा या नद्यांकांठचे रस्ते रात्रंदिवस उसानें भरून जातात. एका ट्रॅक्टरामागें दोन ट्रॉल्या, त्यांवर डोंगराएवढा ऊस, आणि मागें पुष्कळदां दिव्याचें नांव नाहीं! हा देखावा आपल्या इतका अंगवळणी पडला आहे, कीं त्यांतील धोका कोणास जाणवेनासा झाला आहे.

मागून कोणी आदळला, तर 'तो भरधाव होता' असें म्हणून आपण मोकळे होतों. पुष्कळदां तें खरेंहि असतें. परंतु थोडा हिशेब करून पाहावा. ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणारें वाहन एका सेकंदांत सुमारें १७ मीटर जातें. पुढील वस्तु ओळखून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद गेला, तर २५ मीटर संपले. नंतर कोरड्या रस्त्यावरहि वाहन थांबण्यास वीसएक मीटर लागतात. एकूण ४५ मीटर झाले. खालीं पाडलेल्या दिव्याचा उपयुक्त प्रकाश साधारणतः याहून फार लांब पोंचत नाहीं. त्यांत समोरच्या मोटारीनें डोळे दिपले, म्हणजे तेवढेंहि दिसत नाहीं. अर्थात् बेतानें जाणारा मोटारसायकलस्वारहि आपल्या बिनदिव्याच्या ट्रॉलीखालीं सांपडूं शकतो.

उपाय अवघड नाहीं. चमकणारी लाल पट्टी एक टन उसाच्या किमतीपुढें कांहींच नव्हे. ती ट्रॉलीस व बैलगाडीसहि लावावी, तिजवरील चिखल पुसावा, लोंबणाऱ्या उसानें ती झांकूं देऊं नये. वाहन बंद पडल्यास चाकांस लावलेले दगड रस्त्यावर तसेच टाकून जाऊं नयेत.

'ट्रॉली दुसऱ्याची, हांकणारा दुसरा. आमचा काय संबंध?' असें कोणी म्हणेल. पण ऊस आपला आहे, व गाडी आपल्याच बांधावर भरते. अधिक बोलल्यास तोडणीची पाळी चुकेल, या भीतीनें एकटा शेतकरी गप्प बसतो, हें आम्ही जाणतों. म्हणूनच सर्व गांवानें मिळून ठरवावें, कीं पट्टीवांचून गाडी भरावयाची नाहीं. आणि सभासदांनीं आपल्या कारखान्याकडे आग्रह धरावा, कीं वजनकांट्यावरहि हाच नियम असावा.

वर्षभर राबून पिकविलेला ऊस कोणाच्या घरचा दिवा विझवून कारखान्यांत जाऊं नये, एवढी काळजी घेणें हेंहि शेतकीचेंच काम होय.