उंबरठ्याबाहेरचा कामगार

८ डिसेंबर २०१९, रविवारची पहाट. संसदेचे हिवाळी अधिवेशन सुरू होते आणि संसद भवनापासून काही किलोमीटरवर, दिल्लीच्या अनाज मंडी भागातील एका बहुमजली इमारतीला आग लागली. पिशव्या, टोप्या अशा वस्तू तयार करणारे छोटे छोटे कारखाने तेथे दाटीवाटीने चालत. दिवसा जेथे काम, तेथेच रात्री अंथरूण. ४३ कामगार मरण पावले. त्यांतील बहुतेक बिहार व उत्तर प्रदेशातून पोटासाठी आलेले होते आणि बहुतेकांचा बळी धुराने घेतला. त्याच वेळी कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेविषयीचे विधेयक संसदेच्या श्रमविषयक स्थायी समितीपुढे विचाराधीन होते. या दुर्घटनेतून कायदा काय शिकला, हे पाहू गेल्यास उत्तर समाधानकारक नाही.

ते विधेयक मागे घेऊन सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये नवे विधेयक मांडले. साथीच्या सावटाखाली भरलेल्या त्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास नव्हता. टाळेबंदीत गावाकडे निघालेल्या किती स्थलांतरित मजुरांचा मृत्यू झाला, या लेखी प्रश्नावर कामगार मंत्रालयाने अशी आकडेवारी ठेवली जात नसल्याचे उत्तर दिले. कृषी विधेयकांवरील गदारोळात राज्यसभेचे आठ सदस्य निलंबित झाले, विरोधकांनी कामकाजावर बहिष्कार टाकला आणि रिकाम्या बाकांसमोर तीन कामगार संहिता एकत्रितपणे चर्चेला आल्या. २२ सप्टेंबरला लोकसभेने आणि २३ सप्टेंबरला राज्यसभेने आवाजी मतदानाने त्या संमत केल्या. तेरा जुने कायदे पोटात घेणारी ‘व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता’ ही त्यांपैकी एक. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती अमलात आली आहे. कोट्यवधींच्या जिवाशी निगडित कायदा विरोधी बाकांवरून एकही दुरुस्ती न रेटता संमत व्हावा, याचा दोष घाई करणाऱ्या सत्तापक्षाला जितका, तितकाच मैदान सोडणाऱ्या विरोधकांनाही द्यावा लागेल.

चर्चा झाली असती, तर सर्वांत आधी एका आकड्यावर व्हायला हवी होती. १८८१ चा पहिला कारखाना कायदा यंत्रशक्तीवर चालणाऱ्या आणि शंभर वा अधिक माणसे असलेल्या कारखान्यांपुरता होता. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईतील गिरणी कामगारांना एकत्र करून त्यांची गाऱ्हाणी कारखाना आयोगापुढे नेली. १८९१ च्या कायद्याने ही मर्यादा पन्नासवर आणली, १९२२ मध्ये ती वीस झाली आणि स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या कायद्याने विजेवर चालणाऱ्या कारखान्यांसाठी दहा केली. परकी राजवट व स्वकीय सरकार यांच्यात कितीही अंतर असो, सदुसष्ट वर्षे कायद्याचा उंबरठा खाली येत गेला. नव्या संहितेने तो पुन्हा वर उचलला. आता विजेवर चालणाऱ्या ठिकाणी वीस आणि विजेविना चालणाऱ्या ठिकाणी चाळीस कामगार असतील, तरच तो कारखाना. राजस्थानने २०१४ मध्ये हाच मार्ग धरला होता. राज्याचा अपवाद संहितेने देशाचा नियम केला.

संहितेत चांगले काही नाही, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. नियुक्तिपत्राची सक्ती, ठरावीक कामगारांची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी, कामावरील मृत्यूस कारणीभूत ठरणाऱ्या कसुरीबद्दल किमान पाच लाखांचा दंड आणि त्यातील निम्मी रक्कम वारसांना देण्याचा न्यायालयाला अधिकार, या तरतुदी स्वागतार्ह आहेत. धोकादायक कामासाठी एकच कामगार असला, तरी संहिता लागू करण्याची मुभा सरकारला आहे. मात्र ती मुभा आहे, बंधन नव्हे. अधिसूचना निघेल तेव्हाच तिला अर्थ.

दुसरा प्रश्न तपासणीचा. ‘इन्स्पेक्टर राज’ची तक्रार निराधार नव्हती, निरीक्षकाची भेट आणि पाकीट यांचे नाते उद्योजकांइतकेच कामगारांनाही ठाऊक होते. त्यावर उपाय म्हणून निरीक्षकाला आता ‘सुलभकर्ता’ ही जोडपदवी मिळाली असून, कोणत्या कारखान्यात कोणी जायचे हे संगणकीय सोडतीने ठरवण्याची व्यवस्था आहे. हेतू शुद्ध मानला तरी सोडत निघते ती यादीतून. ज्याचे नाव यादीतच नाही, त्याची चिठ्ठी कधी निघणार? १३ मे २०२२ रोजी दिल्लीच्याच मुंडका भागात सीसीटीव्ही कॅमेरे व राउटरचे काम चालणाऱ्या इमारतीला आग लागून २७ जण मृत्युमुखी पडले, त्यांत बहुसंख्य महिला होत्या. तेथे कामगारांची संख्या वीसहून कितीतरी अधिक होती, मात्र अग्निशमन विभागाचा ना-हरकत दाखला नव्हता. अनाज मंडीने उंबरठ्याचा प्रश्न दाखवला, मुंडक्याने डोळ्यांचा. कामगार तपासणीविषयीचा जो आंतरराष्ट्रीय करार भारताने १९४९ मध्ये स्वीकारला, त्यात पूर्वसूचनेविना, दिवसा वा रात्री प्रवेश करण्याचा निरीक्षकाचा अधिकार मान्य केलेला आहे. त्या अधिकाराचे संगणकाच्या पाळीत रूपांतर होणे हा केवळ प्रशासकीय बदल नव्हे.

कारखान्यांतील अपघातांची देशभरची आकडेवारी केंद्रीय कामगार मंत्रालयाच्या मुंबईस्थित महासंचालनालयाकडे जमा होते. तिच्यानुसार २०१७ ते २०२० या काळात नोंदणीकृत कारखान्यांत वर्षाला सरासरी अकराशेहून अधिक कामगार दगावले, म्हणजे दिवसाला तीन. हा हिशेब केवळ नोंदणी झालेल्यांचा. उंबरठा वर गेल्यावर काही कारखाने या हिशेबातूनही बाहेर पडतील आणि उद्या मृत्यूंचा आकडा घटला, तर ते संहितेचे यश म्हणून सभागृहात सांगितलेही जाईल. मोजणी थांबल्याने मरण थांबत नाही.

संहिता रद्द करा, ही मागणी आजच्या संख्याबळात भाषणापुरतीच उरते. संसदेच्या हाती असलेली साधने मात्र कमी नाहीत. संहितेखालील केंद्राचे नियम सभागृहाच्या पटलावर ठेवावे लागतात. अधीनस्थ विधिविधान समिती त्यांची कसून छाननी करू शकते. स्थायी समिती अंमलबजावणीचा आढावा मागू शकते. दाट वस्तीतील बहुमजली कारखाने, रसायने आणि फटाक्यांची कामे यांना संख्येची अट न लावता संहिता लागू करणारी अधिसूचना काढण्याचा आग्रह कोणत्याही पक्षाचा खासदार धरू शकतो. औद्योगिक वीजजोडणी, पालिकेचा परवाना आणि अग्निशमन विभागाच्या नोंदी तपासणीच्या यादीशी जोडण्यास नवा कायदाही लागत नाही. वीजमीटर कामगार मोजत नसला, तरी बंद दाराआड यंत्र चालू असल्याचे तो लपवत नाही.

संहिता संमत झाली, त्या दिवशी विरोधी बाक रिकामे होते. आता ते भरलेले आहेत आणि प्रश्नोत्तराचा तासही परतला आहे. अनाज मंडीच्या त्या इमारतीतील किती कारखाने आजच्या व्याख्येनुसार कारखाने ठरले असते, एवढा एकच प्रश्न कामगारमंत्र्यांना विचारला गेला, तरी उत्तरातून बरेच काही स्पष्ट होईल. तो विचारायला बहुमत लागत नाही.