नुकसान कामगाराचे, अर्ज मालकाचा!

परदेशातून स्वस्त माल आला, येथील मालाचा उठाव थांबला, मालकाने एक पाळी बंद केली आणि कामगार गेटबाहेर आला. खाउजा धोरण आल्यापासून औद्योगिक वसाहतींत आम्ही हे इतक्यांदा पाहिले आहे की आता त्याची बातमीही होत नाही. 1 एप्रिल 2001 रोजी उरलेल्या 715 वस्तूंवरील आयातीची परिमाणात्मक बंधने उठली, तेव्हा ग्राहकाचे भले होणार असे सांगितले गेले. गेटबाहेर येणाऱ्याचे काय, हे कोणी सांगितले नाही.

मालकासाठी मात्र कायद्याने दार ठेवले आहे. कस्टम्स टॅरिफ कायदा 1975 च्या कलम 9अ खाली परदेशी माल पडेल भावाने येत असल्याची तक्रार देशी उत्पादक करतो, वाणिज्य मंत्रालयाचे संचालनालय चौकशी करते आणि नुकसान सिद्ध झाले की अर्थ मंत्रालय अँटी-डम्पिंग ड्युटी लावते. 1995 च्या नियमांच्या परिशिष्टात नुकसानीचे निकष दिले आहेत. त्यांत विक्री, नफा यांच्या पंक्तीला रोजगार आणि मजुरीही आहे. म्हणजे आमच्या माणसाची गेलेली नोकरी मालकाच्या अर्जाला पुरावा म्हणून चालते! ड्युटीचा पैसा सरकारी तिजोरीत जातो, मालकाला बाजार परत मिळतो. ज्याची नोकरी पुराव्यात मांडली, त्याला त्या प्रकरणात एक पैसा मागण्याची सोय नाही.

बाजाराचे गोडवे गाणाऱ्या अमेरिकेनेसुद्धा 1962 पासून अशा कामगारांसाठी वेगळी सोय ठेवली होती. 1974 च्या व्यापार कायद्याखाली तीन कामगार एकत्र येऊन थेट कामगार खात्याकडे अर्ज करू शकत. आयातीमुळे काम गेल्याचे ठरले की प्रशिक्षण आणि भत्ता मिळे. ती व्यवस्था काही आदर्श नव्हती. 1 जुलै 2022 पासून नव्या अर्जांना मंजुरी देणेही थांबले. पण अर्ज कामगाराच्या स्वतःच्या नावाने होता.

आपल्याकडे आहे ती राज्य विमा महामंडळाची भत्ता योजना. ज्या विम्याचा आराखडा बाबासाहेब मजूरमंत्री असताना 1944 साली अडारकर अहवालाने मांडला, त्याच विम्याखाली 2018 साली अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आली. सुरुवातीला सरासरी मजुरीच्या 25 टक्के, जास्तीत जास्त 90 दिवस, तेही आयुष्यात एकदाच. लॉकडाऊननंतर 2020 मध्ये भत्ता 50 टक्के केला. पात्रतेसाठी मूळ अट दोन वर्षांची विमेदार नोकरी आणि प्रत्येक सहामाहीत किमान 78 दिवसांचे अंशदान.

कागदावर अट साधी दिसते. पण आमच्या वस्तीतला तरुण कारखान्यात जातो तो ठेकेदारामार्फत. ठेकेदार बदलला की नवा विमा नंबर निघतो, जुने अंशदान जुन्या नंबरवर पडून राहते. कुठे नावच चढवलेले नसते, कुठे दहा माणसांची अट चुकवण्यासाठी एकाच शेडचे चार मालक दाखवलेले असतात. पंधरा वर्षे मशीन चालवलेला माणूस ‘अपात्र’ ठरतो तो असा.

कपातीच्या भरपाईतही तीच पाचर आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत कपात झालेल्या कामगाराला पुनर्कौशल्य निधीतून 15 दिवसांचे वेतन मिळेल असे मोठ्या कौतुकाने सांगितले जाते. पण मुदतीच्या कराराची मुदत संपून गेलेली नोकरी ही व्याख्येने ‘कपात’च नव्हे! मग निधी कोणाचा? 1928 च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी विचारले होते, विणकाम खाते अस्पृश्यांना बंद का? आज खाते उघडे आहे, मस्टर बंद आहे.

अँटी-डम्पिंग ड्युटीच्या उत्पन्नातील ठरावीक हिस्सा काम गेलेल्या कामगारांसाठी राखून ठेवावा, त्या चौकशीत कामगारांना स्वतःच्या नावाने अर्ज करता यावा आणि पात्रता मस्टरवरून नव्हे तर प्रत्यक्ष केलेल्या कामावरून ठरावी, अशी आमची मागणी आहे. कामगार संघटनांनी ती येत्या अधिवेशनाआधी खासदारांपर्यंत न्यावी. तोपर्यंत ज्यांचे काम चालू आहे त्यांनी ठेकेदार बदलताना जुनाच विमा नंबर लावून घ्यावा आणि पगाराच्या चिठ्ठ्या, गेटपास, बँकेचे पासबुक जपून ठेवावे.