फुटक्या खापरांचे मुझिरिस

उत्खननात निघालेली सगळीच खापरे संग्रहालयात जात नाहीत. काठ, बूड, नक्षी किंवा ठसा असलेले तुकडे अभ्यासासाठी वेगळे काढले जातात. भांड्याच्या अंगाचे साधे तुकडे बहुधा मोजदाद होऊन बाजूला पडतात. केरळातील पट्टणम् येथे २००७ पासून झालेल्या उत्खननातील अशाच टाकाऊ खापरांतून विवान सुंदरम (१९४३–२०२३) यांनी २०१२ मध्ये एक नगर मांडले. कोची-मुझिरिस बिनालेच्या पहिल्याच पर्वातील या मांडणशिल्पाचे नाव ‘ब्लॅक गोल्ड’. खापरांच्या नगरात पाणी शिरते, त्यावर काळी मिरी तरंगत येते, आणि हा सारा प्रसंग व्हिडिओरूपाने प्रेक्षकासमोर उलगडतो.

काळे सोने म्हणजे अर्थातच मिरी. तिच्यासाठी रोमन जहाजे मान्सूनच्या वाऱ्यावर मुझिरिसला येत. भारताकडे वाहणाऱ्या रोमन धनाबद्दल प्लिनीने तक्रार केली. व्हिएन्नातील दुसऱ्या शतकाच्या पपायरसवर मुझिरिसच्या व्यापारासाठी घेतलेल्या कर्जाचा करार आहे, आणि त्याच्या मागील बाजूस ‘हर्मापोलॉन’ नावाच्या जहाजावरील मालाचा हिशेब. पुढे हे बंदर नाहीसे झाले. पेरियार नदीच्या १३४१ च्या पुराने इथला किनारा बदलला आणि कोचीचे बंदर उदयास आले, असे मानले जाते. पट्टणम् म्हणजेच मुझिरिस काय, यावरही अभ्यासकांत वाद आहे.

मग कल्पनेतले नगर रचून सुंदरम यांनी इतिहासात गोंधळ वाढवला का? मला तसे वाटत नाही. आपल्याकडे गडकोटांच्या संगणकीय पुनर्रचना फिरतात, त्यांत छपरे, रंग, झरोके सारे ठाम असते. पुरावा कुठे संपला आणि तर्क कुठे सुरू झाला, ती रेघच दिसत नाही. (ऐटबाज संगीत असले की कोणी विचारतही नाही!) ‘ब्लॅक गोल्ड’मध्ये प्रत्येक तुकडा फुटकाच दिसतो. दोन खापरांमधील फट कलावंताने लिंपलेली नाही, आणि जे रचले तेही पाण्याखाली जाते. मुझिरिसविषयी आपल्याला जेवढे ठाऊक आहे, त्याला हे रूप अधिक प्रामाणिक वाटते.

एक आक्षेप मात्र रास्त आहे. आज टाकाऊ ठरलेले खापर उद्या बोलू शकते. न चकाकणाऱ्या भांड्यांच्या अंगात तेल-चरबीचे अंश शतकानुशतके मुरून राहतात आणि प्रयोगशाळेत ते ओळखता येतात. म्हणून असे तुकडे कलावंताच्या हाती देण्यापूर्वी त्यांतील काही नमुने राखून ठेवायला हवेत.

आणि तेर, नेवासे किंवा एखाद्या गडाच्या उतारावरून ‘एकच तर आहे’ म्हणत खापर खिशात टाकणाऱ्यांनी सुंदरम यांचा दाखला देऊ नये. त्यांच्या हाती आलेले तुकडे रीतसर उत्खननातून आले होते. तुम्ही उचललेल्या तुकड्याचे स्थान कुठेच टिपलेले नसते.