गटात कोणाला घ्यावे?

शब्द टिकतो आणि त्याचा अर्थ मात्र सरकतो, हे आपण अर्थपरिवर्तनाच्या अभ्यासात पाहिले आहे. याचा एक दाखला खेळाच्या मैदानावर सापडतो. अमेरिकेतील विद्यापीठे गट करून आपापसांत सामने खेळतात. त्यांपैकी 'बिग टेन', म्हणजे 'मोठे दहा', या गटात २०२४पासून अठरा विद्यापीठे आहेत. 'अटलांटिक कोस्ट' या गटात त्याच वर्षी पॅसिफिक किनाऱ्याकडचे स्टॅनफर्ड दाखल झाले. या विस्तारामागे दूरचित्रवाणी प्रक्षेपणाच्या पैशाचा मोठा वाटा आहे. परिणामी एका सामन्यासाठी विद्यार्थ्याला कधी कधी सारा देश ओलांडावा लागतो.

गट वाढवताना कोणाला घ्यावे, हा प्रश्न मुंबईलाही नवा नाही. येथे युरोपीय आणि पारशी संघांत क्रिकेटचे सामने होत. १९०७मध्ये त्यांत हिंदू आले, १९१२मध्ये मुस्लिम आले. १९३७मध्ये पाचवा संघ आला तो 'द रेस्ट', म्हणजे 'उरलेले'. भारतीय ख्रिस्ती, ज्यू आदी खेळाडूंना त्यात स्थान होते. १९४३च्या अंतिम सामन्यात या संघाच्या एका डावातील ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या विजय हजारे यांच्या होत्या. ज्यांना स्वतंत्र नाव देण्याचीही गरज कोणाला वाटली नव्हती, त्यांच्यातला हा फलंदाज होता. धर्म हाच प्रवेशाचा निकष असलेली ही स्पर्धा १९४६मध्ये बंद पडली, हे योग्यच झाले. मात्र जे बाहेर उरतात त्यांच्यात गुण नसतो असे नाही, एवढा धडा तिने मागे ठेवला.

आता आपल्याकडे पाहू. मी देवनारला राहतो. सायंकाळी गोवंडी स्थानकावर उतरणाऱ्या गर्दीत कामावरून परस्पर रात्रमहाविद्यालयाकडे वळणारी मुले दिसतात. रविवारी अभ्यासकेंद्रात येणारे आपल्यासारखे विद्यार्थीही दिसतात. त्यांना ना स्वतःचे मैदान, ना सरावाला मोकळी संध्याकाळ. महाविद्यालयीन खेळांतील आजचे 'उरलेले' हेच होत.

म्हणून माझे मत असे : पूर्व उपनगरांतील महाविद्यालयांनी स्पर्धांसाठी गट केला आणि पुढे तो वाढवायचे ठरवले, तर दूरच्या नामांकित महाविद्यालयाआधी गोवंडी, मानखुर्द, चेंबूर येथील रात्रमहाविद्यालयांना व अभ्यासकेंद्रांना बोलवावे. सामने रविवारी ठेवावेत. वयाने मोठ्या विद्यार्थ्यांसाठी वेगळा वयोगट करावा. खेळून झाल्यावर विद्यार्थी त्याच दिवशी घरी पोहोचला पाहिजे आणि दुसऱ्या दिवशी कामावर किंवा वर्गात हजर राहू शकला पाहिजे. प्रवेशाचा पहिला निकष हाच असावा.

यावर आक्षेप येईल की, अशाने खेळाचा दर्जा खालावेल आणि बलवान संघांना तुल्यबळ प्रतिस्पर्धी मिळणार नाहीत. आक्षेप पोकळ नाही. सुरुवातीचे काही सामने एकतर्फी होतील. परंतु सरावाची संधीच न मिळालेल्यांचा दर्जा आधीच ठरवून टाकणे हा न्याय नव्हे. तुल्यबळ लढती अंतिम फेऱ्यांत होतच राहतील. प्राथमिक फेरीचे दार मात्र उघडे असावे.

आपण स्वतः नोकरी, संसार सांभाळून पदवीच्या वाटेवर आहात. शिक्षणाचे दार आपल्यासाठी ज्या विचाराने उघडले, तोच विचार मैदानाला का लागू होऊ नये? आपल्या केंद्राचा संघ करायचा झाल्यास त्यात कोण कोण असेल, याची एक यादी या आठवड्यात करून पाहा.